आमचे आजोबा गोलकीपर होते

काल जत्रेतला दशावतार संपेपर्यंत पहाटेचे पाच वाजले. जेमतेम तीन तास झोपलो आणि उठल्या उठल्या डोकं फिरलंय. कारण ऐकाल तर हसाल: व्हिडिओ गेम. तरी लिहितो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बहीण डोंबिवलीहून जत्रेला आलीय. भाचा बारा वर्षांचा, सोबत त्याचं प्लेस्टेशन. खळ्यात माणसांची ये-जा, आई खाजं वाटतेय, आणि हा माजघरात टीव्हीसमोर फुटबॉल लावून बसलेला. गेम चकाचक आहे, खोटं कशाला बोलू. गवत ओलं दिसतं, खेळाडूच्या हातावरचं गोंदण दिसतं. थोडा वेळ बघितलं आणि सहज विचारलं, "झिला, फुटबॉलचो दुसरो खंयचो गेम आसा तुझ्याकडे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुसरा सूर्य कुठाय असं विचारलं. "दुसरा म्हणजे? फुटबॉलचा हाच असतो ना, मामा."

हाच असतो! पोराचा काय दोष, त्याला कळायला लागल्यापासून त्याने दुसरं दुकान धड चालताना बघितलंच नाहीये. पण मी बघितलंय. आणि आपल्यापैकी चाळिशीच्या आसपास असलेल्या सगळ्यांनी बघितलंय.

२००६चे गणपती. मुंबईचा चुलतभाऊ, आमचा दादा, कोकणकन्येतून उतरला तो खांद्याला पीएस२ची, म्हणजे प्लेस्टेशन २ची, पिशवी अडकवून. सोबत कॉपी केलेल्या डीव्हीडी (होय, चोरीच्याच, तेव्हा खऱ्या कोणाला परवडत होत्या). त्यात कोनामी कंपनीचा फुटबॉल गेम प्रो इव्होल्यूशन सॉकर, म्हणजे आपला पीईएस. मोठ्या क्लबांची नावं वापरायचे हक्क कोनामीकडे फारसे नसायचे, म्हणून मँचेस्टर युनायटेडचं नाव 'मॅन रेड', लिव्हरपूल 'मर्सीसाइड रेड'. त्याच मालिकेच्या आधीच्या एका भागात तर ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस 'रॉबर्टो लार्कोस' होता! मास्टर लीग (आपला क्लब चालवायचा खेळ) सुरू केली की कास्तोलो, मिनांडा अशी जगात कुठेच नसलेली माणसं हाताशी यायची. अजून ती नावं तोंडपाठ आहेत. शाळेतल्या कविता गेल्या, कास्तोलो राहिला.

नावं खोटी, म्हणून ती बदलायची सोयही गेममध्येच दिलेली. दादा म्हणाला, "खोटीच नावां ठेवची तर आपली ठेवया." आमच्या वाडीत फुटबॉल कोणी खेळत नव्हतं. मग टेनिस बॉलची क्रिकेट टीमच फुटबॉलात घातली. एकेक अक्षर बटणाने सरकवत शोधायचं. बाळो, पांडगो, मेस्त्री, एकेका नावाला पाच-पाच मिनिटं. मेस्त्रीला टक्कल, पांडग्याला पिवळे बूट. दहा जण झाले. अकरावा त्या वर्षी टीम सोडून दुसऱ्या वाडीकडून खेळला होता, त्याला घ्यायला दादा तयार होईना. गोलकीपरची जागा रिकामी. आजोबा आरामखुर्चीत बसून सगळं बघत होते. दादाने त्यांच्याकडे बघितलं आणि टाइप केलं, ए-जे-ओ-बी-ए.

पुढचे पाच दिवस भजनाच्या आधी, आरतीच्या नंतर, भारनियमनाच्या अधेमधे तेच. आजोबांचा पहिला शेरा: "ह्यो आपलो बाळो मां रे? ह्येका लाथेन चेंडू मारूक कोणी शिकवल्यान?" आणि स्वतःला बघून: "माका म्हाताऱ्याक खंय उभो केलंस रे?" पण त्यांनी मॅन रेडची एक पेनल्टी अडवली तेव्हा खुर्चीतून अर्धे उठले होते. मी बघितलंय.

आता अमेरिकेत जाऊ. त्यांच्या त्या नारळासारख्या चेंडूच्या फुटबॉलशी आपलं काही देणंघेणं नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००४ साली त्या खेळाचे दोन मोठे गेम बाजारात होते. ईए कंपनीचा मॅडन, पन्नास डॉलरला. आणि सेगाचा एनएफएल २के५, व्हिज्युअल कन्सेप्ट्सने बनवलेला. सेगाने तो वीस डॉलरला काढला. वीस! आणि गेम इतका जमलेला की आजही लोक त्याचं नाव काढतात. ईएचे धाबे दणाणले, मॅडन तीस डॉलरवर आला. म्हणजे गिऱ्हाइकाची चंगळ. मग त्याच डिसेंबरात ईएने काय केलं? आणखी चांगला गेम बनवला? छे. एनएफएल, म्हणजे त्या खेळाच्या मुख्य लीगकडे आणि खेळाडूंच्या संघटनेकडे गेले आणि संघ, खेळाडू, मैदानं, सगळ्याचे हक्क पैसे मोजून एकट्याच्या नावावर करून घेतले. विषय संपला. समोरचा पैलवान हरवायचा नाही, आखाड्याचाच सातबारा आपल्या नावावर करायचा.

पुढच्या वर्षी मॅडन पुन्हा पन्नासला. तो वीस डॉलरवाला गेम बनवणाऱ्या २केवाल्यांनी २००७मध्ये निवृत्त खेळाडू घेऊन एक गेम काढून बघितला, त्याचा पुढचा भाग काही आला नाही. २००८मध्ये गिऱ्हाईक कोर्टात गेले, २०१२मध्ये ईएने २ कोटी ७० लाख डॉलर देऊन मिटवलं. मिटवलं म्हणजे पैशांनी मिटवलं. एनएफएलचा हक्क राहिला तिथेच, वाढत वाढत वीस वर्षांच्या वर गेला. २०२०मध्ये २केला पुन्हा एनएफएलचं दार किलकिलं झालं, पण अट ही की गमतीजमतीचे गेम काढा, खराखुरा सामना नको. म्हणजे पंगतीत बसा, पण फक्त लोणच्यापुरतं पान मांडू.

काल रात्री दशावतार बघताना हे डोक्यात नव्हतं, आता लिहिताना जुळतंय. मी आयुष्यात तेच आख्यान किती मंडळांकडून बघितलं असेल? संहिता नाही, पाठांतर नाही, राजपार्टी (राजाचं काम करणारा नट) समोरच्याच्या एका वाक्यावर तलवार टेकवून अर्धा तास बोलते, पेटीवाला त्याच्या तोंडाकडे बघून सूर धरतो. काल रावण झालेल्या नटाच्या गालावरचा रंग घामाने ओघळून गळ्यापर्यंत आला होता, तरी गडी थांबत नव्हता. का? कारण शेजारच्या गावात दुसऱ्या मंडळाचा रावण उभा असतो आणि लोक सकाळी बाजारात तुलना करतात. आता समजा उद्या एका मंडळाने करार केला, राम, कृष्ण, रावण ही नावं यापुढे आमची. मग दुसऱ्या मंडळाचा रावण मंचावर येऊन काय गर्जना करणार? "मी लंका रेड!"

हसू नका. आपल्या फुटबॉलात हेच झालंय, आणि तिथेही ईएच, भाच्याचा गेम तिचाच. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, दहा वर्षं कोनामीकडे होती, २०१८मध्ये ईएकडे गेली. आणि ज्याच्याकडे राम तो घाम कशाला गाळेल?

बरं, कोनामीही काही धुतल्या तांदळाची नाही, हे लिहायला जिवावर येतंय. २०१९मध्ये त्यांनी इटलीच्या युव्हेंटस क्लबचा हक्क एकट्याने उचलला आणि ईएच्या गेममध्ये, म्हणजे फिफा २०मध्ये, रोनाल्डो 'पिएमोंते काल्चो' नावाच्या क्लबातून खेळला. पुढे २०२१मध्ये पीईएसचा ई-फुटबॉल केला, फुकट दिला, पण आला तेव्हा खेळाडूंचे चेहरे बघवत नव्हते. (ई-फुटबॉल अजून आहे, मला माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका. भाच्याच्या लेखी तो नाही, हाच तर मुद्दा आहे.) आणि हो, बास्केटबॉलात एनबीए लीगचा हक्क कोणा एकाचा नव्हता, तरी ईएचा एनबीए लाइव्ह २०१८मध्ये शेवटचा आला आणि मैदानात एकटा २के उरला. म्हणजे सगळं खापर करारावर फोडता येत नाही. मान्य. चला पुढे.

खेळाडूच्या नावाचे पैसे खेळाडूला मिळायला हवेत, हेही मान्य. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना दमडी न देता त्यांच्यासारखे दिसणारे खेळाडू ईएच्या कॉलेज फुटबॉलच्या गेममध्ये घातले, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१३नंतर तो गेमच बंद पडला आणि थेट २०२४मध्ये खेळाडूंना पैसे देऊन परत आला. उत्तम झालं. पण पैसे दोघांकडूनही घेता येतात की! तिघांकडूनही येतात. एकालाच का?

आणि गंमत बघा. ईएच्या गेमला जिचं नाव होतं ती फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिचं आणि ईएचंच २०२२मध्ये फिसकटलं. जवळपास तीस वर्षांचा संसार मोडला, २०२३पासून गेमचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी. मला वाटलं, आता तरी कोणीतरी उठेल. कसलं काय. १९ हजारांवर खेळाडू, ७००वर संघ, सगळे करार ईएच्याच पदरात. दारावरची पाटी बदलली, आतली फळी न् फळी तीच. २०२५च्या सप्टेंबरात तर ती अख्खी कंपनीच ५५ अब्ज डॉलरला विकायची घोषणा झाली, घेणाऱ्यांत सौदी सरकारचा निधी. माझ्या भाच्याच्या खेळण्यावर कोणाकोणाचा डोळा आहे बघा.

क्रिकेटवाले म्हणतील आमचं काय. तुमचं तर आणखी वाईट होतं बाबांनो. ईएचा क्रिकेट ०७ आला २००६च्या शेवटी, रिची बेनॉ आणि मार्क निकोलसच्या आवाजात, आणि त्यानंतर ईएने क्रिकेटला हातच लावला नाही. आपली पोरं वर्षानुवर्षं तोच गेम नवे पॅच टाकून, आयपीएलच्या जर्सी चढवून खेळली. २०१३मध्ये ॲशेसचा अधिकृत शिक्का मारून एक गेम आला, इतका भिकार की काही दिवसांत मागे घेऊन लोकांचे पैसे परत करावे लागले. नावं सगळी खरी, गेम खोटा! आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या बिग अँटने डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ काढला. खेळाडूंच्या नावांचे हक्क नाहीत. मग त्यांनी काय केलं? खेळाडू बनवायची सोय आधीच लोकांच्या हातात दिली, आणि जगभरच्या लोकांनी घरी बसून अख्खे संघ बनवून एकमेकांना वाटले. एकेक अक्षर टाइप करून. वाचलं तेव्हा मला आमचं माजघर आठवलं.

(आयपीएल दाखवायच्या हक्कांबद्दल लिहायला लागलो तर संध्याकाळ होईल. २०२३ ते २०२७चे ४८,३९० कोटी, टीव्ही एकाकडे, मोबाइल दुसऱ्याकडे, आणि २०२४च्या नोव्हेंबरात ते दोघे एकाच घरात नांदायला लागले. राहू दे.)

परवा भाच्याने फोनवरच्या एका गेममध्ये, नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची, बापाच्या कार्डावरून सव्वीसशे रुपयांची खेळाडूंची पाकिटं फोडली. हवा होता तो खेळाडू निघालाच नाही. जत्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर निदान साबणाची वडी तरी हाती लागते. आम्ही आजोबांना फुकटात संघात घेतलं होतं.

असो. राग आता थोडा उतरलाय. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.

मघाशी भाच्याला ही सगळी गोष्ट सांगितली. कंपन्यांचं पुराण त्याने ऐकलं न ऐकलं. आजोबांपाशी आल्यावर मात्र त्याने गेम थांबवला. आजोबा २०११मध्ये गेले, ह्याने त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलंय, फेटा बांधलेले. म्हणाला, "पणजोबा खरंच गोलकीपर होते? नाव होतं त्यांचं?"

मग दोघे माळ्यावर चढलो. पीएस२ सापडला, एका बाजूने उंदरांनी वायर खाल्लेली. लावून बघितला, लाल दिवासुद्धा लागला नाही. मेमरी कार्ड मात्र बिस्किटाच्या डब्यात नीट होतं. आठ एमबीचं, काळं, वर दादाने चिकटपट्टी लावून पेनाने 'वाडी' लिहिलेलं. अक्षर फिकट झालंय, पण वाचता येतं. भाच्याने ते शर्टाला पुसलं आणि विचारलं, "ह्यात अजून असतील का ते?"

मला नाही माहीत. दादाला फोन लावला, तो म्हणाला कार्ड ओलं झालं नसेल तर असणार, हमखास. आणि अकराव्याला घेतलं नाही ते बरंच केलं, हेही वर सांगितलं. एकोणीस-वीस वर्षं झाली, राग आहे तसाच.

तर वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ ह्या भागात कोणाकडे चालू पीएस२ असेल तर कृपया कळवा. डिस्क पीईएसचीच लागेल, तीही असली तर उत्तम. बहीण रविवारी परत जातेय, त्याआधी हवा. कार्ड आणि भाचा घेऊन मी स्वतः येतो. येताना खाजं आणतो.