गिअरबॉक्स उतरवण्याआधी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

डिझेल गाडीतल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दचक्यांवरच्या लेखात, गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्याचे ऑइल बदलावे आणि इंजिनही तपासावे, असे मी लिहिले; त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. माझा लेख वाचून आपण गिअरबॉक्सचे ऑइल बदलून घेतले आणि त्रास कमी होण्याऐवजी वाढला, हा पहिला. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७३० हा गिअरबॉक्सचा कोड स्वच्छ दिसत असताना इंजिन तपासायला सांगणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हा दुसरा. (सोमेश्वर आपल्या नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच असल्यामुळे म्हण नेमकी लागली.)

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ऑइल बदलावे असे मी लिहिले, पण त्याची पातळी कशी पाहायची हे लिहिले नाही, आणि ज्या गिअरबॉक्सला ऑइलची मोजपट्टी (डिपस्टिक) नसते त्यात सगळी गोम तिथेच असते. आपण दिलेल्या तपशिलानुसार गाडी दुपारी घोटीहून तापलेली आली, लिफ्टवर घेऊन इंजिन बंद केले, ऑइल काढून नवे भरले आणि पातळीच्या प्लगमधून जादा ऑइल ओघळून गेल्यावर प्लग आवळला. आता असे पाहा, की इंजिन चालू असताना पंप बरेचसे ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात) आणि वाहिन्यांमध्ये फिरवत असतो. इंजिन बंद झाले की त्यातला काही भाग खाली तळात उतरतो आणि पातळी खोटी वर दिसते. त्यातच ऑइल गरम असल्याने फुगलेले होते. म्हणजे जे 'जादा' म्हणून गळू दिले, ते गिअरबॉक्सच्या हक्काचे ऑइल होते. सकाळच्या थंडीत पहिल्यांदा डी (पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलत नाही, ही आपली नवी तक्रार त्याच्याशी तंतोतंत जुळते, कारण ऑइल कमी पडले की पंप हवा ओढतो आणि क्लचपर्यंत दाब पोहोचायला वेळ लागतो. बहुतेक सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, सर्व गिअर एकेकदा फिरवून आणि ऑइलचे तापमान ४० अंशांच्या आसपास असताना पाहायची असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल, आणि तापमान अंदाजाने नव्हे, तर स्कॅनरवर वाचायचे. मूळ लेखात हा परिच्छेद मी आज घातला आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. पी०७३० हा कोड 'गिअरबॉक्स गेला' असे सांगत नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग दोन सेन्सर मोजतात, आणि त्या दोहोंचे गुणोत्तर मागितलेल्या गिअरशी जुळले नाही, एवढेच तो कोड नोंदवतो. क्लच झिजून घसरला तरी तो येतो, सेन्सर चुकीचे वाचू लागला तरी येतो आणि ऑइल कमी असले तरी येतो. म्हणून तो कोड ऑइल बदलण्याच्या आधीपासून होता की नंतर आला, हे आपल्याला विचारावेसे वाटते. आपण कळवलेल्या कोडच्या जुन्या यादीत तो मला दिसला नाही.

इंजिनाकडे बघायला मी का सांगतो, ते माझ्याच गाडीवरून सांगतो. मुंबईहून परतताना कसारा घाट चढू लागलो की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना मागून कोणी धक्का मारावा तसा दचका बसे. सपाट रस्त्यावर मात्र काहीच नसे. एका गॅरेजने गिअरबॉक्स खोलावा लागेल असे सांगून टाकले होते. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने बंपरखाली हात घालून इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) रबरी होज पिळला, तेव्हा क्लॅम्पच्या कडेला बोटभर चीर उघडली आणि त्याचा हात तेलकट काळा झाला. टर्बोचा दाब कमी असल्याचा पी०२९९ हा कोड इंजिनाच्या यादीत आधीपासून साठलेला होता, पण पहिल्या गॅरेजने फक्त गिअरबॉक्सची यादी उघडली होती. एअर फ्लो सेन्सर इंजिनात जाणारी हवा मोजतो आणि त्यापुढे होजमधून ती निसटते; इंजिनाचा संगणक मात्र मोजलेली हवा धरूनच डिझेल सोडतो आणि ताकदीचा आकडा गिअरबॉक्सला कळवतो. ताकद प्रत्यक्षात कमी असते, पण गिअरबॉक्स कळवलेल्या आकड्याप्रमाणे क्लचवर जास्त दाब देतो, आणि तोच दचका होऊन पाठीला लागतो. होज बदलला आणि दचका गेला.

अर्थात आपल्या गाडीतही होजच फाटला असेल, असे माझे म्हणणे नाही. आपण 'गिअर अडकतो' असे लिहिता, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. गिअर बदलताना गाडीला झटका बसतो, की टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा वर उसळतो आणि वेग मात्र वाढत नाही? पहिल्यात दाब जास्त असण्याची किंवा इंजिनाचे माउंट (त्याला धरून ठेवणारा रबरी आधार) बसल्याची शंका येते. दुसऱ्यात दाब कमी पडतो किंवा क्लच घसरतो. सिन्नर रस्त्यावर ७०च्या वेगाच्या आसपास आपल्याला जी बारीक थरथर जाणवते, ती येत असताना एक्सलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित स्पर्शून पाहा, अर्थात मागे वाहन नसताना. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने कन्व्हर्टरचा लॉक-अप (त्याला इंजिनाशी थेट जोडणारा क्लच) सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष तिथे शोधायचा, आणि तशीच राहिली, तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे आकडे स्कॅनरवर वाचायचे.

तेव्हा आधी पातळी नीट करून घ्यावी, कोड पुसावेत आणि आठवडाभर गाडी चालवून इंजिन व गिअरबॉक्स या दोन्हींच्या याद्या पुन्हा काढाव्यात. त्यानंतरही पी०७३० परत आला, काटा उसळत राहिला आणि सेन्सर ठीक निघाले, तर आपल्या मेकॅनिकचे म्हणणे खरे मानून गिअरबॉक्स उतरवावा. तसे झाल्यास मला जरूर कळवा, तेही मी लेखात जोडेन.