ठेवीची पावती कपाटात ठेवण्याआधी नीट वाचा

मुदत ठेव म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के?" पाव टक्का जास्त मिळावा म्हणून माणसं चार शाखांत चौकशी करतात आणि पावती हातात आली की घडी घालून कपाटात टाकतात. एक लाखावर पाव टक्का म्हणजे वर्षाला २५० रुपये. त्याच पावतीवरचा एखादा न वाचलेला शब्द पुढे घरच्यांना वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या मारायला लावू शकतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. घरातली एखादी पावती समोर ठेवूनच वाचा.

सगळ्यात आधी माथ्यावरचं नाव. तिथे 'बँक' लिहिलंय की 'सहकारी पतसंस्था', की 'मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी'? काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट, सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे लोक सर्रास 'आमची बँक' म्हणतात. पण ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं, संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायट्या येत नाहीत. त्यांच्यावर देखरेख सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेची नाही. ठेव घेताना शंभरेक रुपये घेऊन 'नाममात्र सभासद' करून घेतात ते याचसाठी, कारण पतसंस्थेला ठेवी सभासदांकडूनच घेता येतात. चांगल्या चाललेल्या पतसंस्था महाराष्ट्रात आहेत आणि गावागावात त्यांनी मोठं काम केलंय, हे मी मनापासून मानतो. तरीही निवृत्तीची सगळी रक्कम दोन टक्के जास्त मिळतात म्हणून एकाच पतसंस्थेत ठेवणं मला अजिबात पटत नाही. तिथे मिळणारं जादा व्याज हे विम्याशिवाय पैसे ठेवण्याचा मोबदला आहे.

बँकेतही विमा अमर्याद नाही. १९९३ पासून मर्यादा एक लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या तीन शाखांत ठेवी विभागून काही साधत नाही, सगळ्यांची बेरीज होते. पाच लाख ठेवले आणि वीस हजार व्याज साठलं, तर विम्यात पाच लाखच. बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर ते आधी वळतं होतं. सहकारी बँकेचे 'शेअर्स' म्हणजे ठेव नव्हे, त्यांना हे संरक्षण नाही. मात्र एकट्याच्या नावावरची ठेव आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावावरची ठेव यांची मर्यादा वेगवेगळी मोजतात. पहिलं नाव पतीचं असलेली आणि पहिलं नाव पत्नीचं असलेली अशा दोन संयुक्त ठेवीही स्वतंत्र धरल्या जातात. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पाच लाखांवरच्या रकमेसाठी मात्र वाट पाहण्यावाचून पर्याय नसतो.

आता दराकडे येऊ. '१०० महिन्यांत दामदुप्पट' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. आठ वर्षं चार महिन्यांत शंभराचे दोनशे, म्हणजे वर्षाला बारा टक्के, असा हिशेब बरेचजण मनात करतात. चक्रवाढ असल्यामुळे प्रत्यक्ष दर तिमाही चक्रवाढीने साधारण ८.४ टक्केच पडतो. तोंडी पडताळा घ्यायचा तर ७२ ला वर्षांनी भागा: ७२ भागिले ८.३३ म्हणजे ८.६ च्या आसपास, हा झाला वार्षिक चक्रवाढीचा दर. जाहिरातीतल्या 'यील्ड' (वर्षाला सरासरी परतावा) या शब्दाचंही तेच. सात टक्क्यांनी एक लाख पाच वर्षं ठेवले तर तिमाही चक्रवाढीने १,४१,४७८ रुपये होतात. ४१,४७८ ला पाचाने भागलं की ८.३० टक्के 'यील्ड' तयार! गणित खोटं नाही, पण शेजारच्या बँकेच्या सात टक्क्यांशी त्याची तुलना करणं चूक आहे. दर सांगताना 'वार्षिक किती आणि चक्रवाढ कधी' हे दोन्ही विचारा. दरमहा व्याज घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की व्याज तिमाहीऐवजी आधीच हातात येत असल्याने ते थोडं कमी करून देतात. लाखावर सात टक्क्यांनी महिन्याला ५८३ नव्हे, ५८० च्या आसपास मिळतात.

मुदतीआधी ठेव मोडली तर? इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. 'एक टक्का दंड' ऐकलं की लोक सातातून एक वजा करतात आणि सहा टक्के मिळतील असं धरून चालतात. बहुतेक बँकांत आधी दरच बदलतो. पाच वर्षांची ठेव वर्षभराने मोडली, तर ठेव ठेवली त्या दिवशी एक वर्षाचा जो दर होता तो लागतो. तो साडेसहा असेल तर त्यातून एक टक्का वजा, म्हणजे साडेपाच. उपाय सोपा आहे. पाच लाखांची एकच पावती करू नका, लाखाच्या पाच करा. गरज पडली तर एकच मोडेल. 'कर बचत ठेव' मात्र पाच वर्षं मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. अडीअडचणीसाठीचा पैसा त्यात चुकूनही घालू नका.

पावतीवर 'ई ऑर एस' असं काहीतरी असतं ना, तिथे आता बोट ठेवा. ईदर ऑर सर्व्हायवर, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. मुदत संपल्यावर एकाच्या सहीवर पैसे मिळतात. पण दोघं हयात असताना ठेव मुदतीआधी मोडायची असेल तर दोघांच्या सह्या लागू शकतात. एक जण हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध असताना नेमकी हीच अडचण येते. आणि मुदत संपण्याआधी एकाचं निधन झालं तर? दुसऱ्याला ठेव मोडायची परवानगी दोघांनी आधी लेखी दिलेली नसेल, तर बँक मृताच्या वारसांची संमती मागते. हे संमतीपत्र ठेव ठेवताना देता येतं, नंतर मुदत चालू असतानाही देता येतं. एक कागद, दोन सह्या, बाकी काही नाही. संयुक्त ठेवी असलेल्या प्रत्येक घराने हे याच आठवड्यात उरकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नॉमिनीबद्दलही मोठा घोळ आहे. नॉमिनी हा मालक होत नाही. बँकेकडून रक्कम घेऊन ती कायदेशीर वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त, एवढंच त्याचं स्थान. मुलीला नॉमिनी केलं म्हणजे पैसे तिचेच झाले, असं समजून मृत्युपत्र न करणाऱ्यांच्या घरात पुढे भावंडांत वाद होतात. संयुक्त ठेवीत नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पावतीवर नॉमिनेशन नोंदवल्याचा उल्लेख आहे का पाहा. नसेल तर फॉर्म भरून पोच घ्या.

कराचं थोडक्यात: एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५० हजारांवर गेलं तर, ज्येष्ठ नागरिकांसाठी एक लाखावर गेलं तर, टीडीएस कापतात. कापला नाही म्हणजे कर माफ झाला असं नव्हे. व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं.

शेवटचा रकाना, मुदत संपल्यावर काय? 'ऑटो रिन्यूअल' (ठेव आपोआप पुढे चालू ठेवणे) वर टिक नसेल आणि तुम्ही विसरलात, तर पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. दहा वर्षं कोणी दावाच केला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिथूनही ती मूळ बँकेमार्फत परत मिळवता येते. आईवडिलांच्या जुन्या ठेवींचा शोध घ्यायचा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधा. सगळ्याच बँका त्यावर नाहीत, तेव्हा जुनी पासबुकं चाळून त्या त्या शाखेतही जाऊन विचारा.