‘आठ जण गोळा झाले, पण आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही’ : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला आणि मग त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवला. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अपघातानंतर भावाला आणलं तेव्हा आठ जणांनी त्याला घेरलं, अंगावरचे कपडे कापले, पाय मोडलेला समोर दिसत असताना पोटाची सोनोग्राफी करत बसले. तो पाणी मागत होता, ते दिलं नाही. दोन तास तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही. नंतर तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. आणि करंगळीचं फ्रॅक्चर थेट तिसऱ्या दिवशी सापडलं, तेही डॉक्टरांना नाही, फिजिओथेरपिस्टला. भावाच्या केसपेपरमधलं मी इथे काहीही उघड करणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी ते दोन तास. त्याला काही स्पष्टीकरण नाही. तुम्ही दाराबाहेर उभे होतात आणि आतून पहिली व्यक्ती आली ती कापलेला शर्ट भरलेली पिशवी तुमच्या हातात देऊन, एक शब्द न बोलता परत गेली. ती पिशवी हातात आल्यावर माणसाच्या मनात काय येतं हे आम्हाला कळायला हवं होतं. मी हॉस्पिटलचा प्रमुख म्हणून तुमची मनापासून माफी मागतो.

आता आतलं सांगतो. गंभीर जखमी माणूस येतो तेव्हा एक जण श्वासनलिका आणि मान सांभाळतो, तो बहुधा भूलतज्ज्ञ. एक सर्जन छाती-पोट तपासतो, एक सिस्टर सलाईनच्या दोन मोठ्या सुया लावून रक्ताचे नमुने काढते, दुसरी प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून घेते, कुणी ब्लड बँकेशी बोलत असतं. पायथ्याशी टीम लीडर उभा असतो. तो शक्यतो रुग्णाला हात लावत नाही, कारण त्याने हात घातला की बाकी चित्र त्याच्या नजरेतून सुटतं. पाठ तपासायची तर रुग्णाला ओंडक्यासारखं एका रेषेत वळवावं लागतं : डोकं-मान एकाने धरायची, अंग आणि पाय तिघांनी, आणि पाचव्याने पाठीवरून हात फिरवायचा. डोक्याशी असलेला माणूस ‘एक, दोन, तीन’ म्हणतो तेव्हाच सगळे हलतात. मणका मोडलेला असेल तर एका चुकीच्या हिसक्याने माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून आठ जण.

पायापेक्षा पोट आधी का, हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. मोडलेला पाय दिसतो, पोटातलं रक्त दिसत नाही. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत जाऊ शकतं, ते कमी नाही. म्हणून पायाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लावून तो तात्पुरता स्थिर करतात. पण प्लीहा (पोटात डाव्या बरगड्यांखाली असलेला, भरपूर रक्त असलेला अवयव) किंवा यकृत फाटलं असेल तर त्याहून जास्त रक्त जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ती सोनोग्राफी काही मिनिटांची असते आणि चारच जागा बघते : हृदयाभोवती, यकृताशेजारी, प्लीहेशेजारी, ओटीपोटात. तिथे द्रव दिसला तर पुढचा सगळा क्रम बदलतो. कपडे कापतात तेही हातपाय न हलवता सगळं अंग बघता यावं म्हणून. मग लगेच उबदार पांघरूण घालावं लागतं, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.

पाणी देता येत नाही, कारण कधीही भूल द्यावी लागू शकते आणि उताणं, मान बांधून ठेवलेल्या माणसाला उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. पण ओल्या कापसाने ओठ पुसता आले असते. ते कुणाला सुचलं नाही, हे वाचून आमच्या सिस्टरना सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

हा क्रम आला कुठून, तेही सांगावंसं वाटतं. १९७६ साली डॉ. जेम्स स्टायनर या अस्थिरोग सर्जनचं छोटं विमान अमेरिकेत नेब्रास्कामध्ये कोसळलं. पत्नी जागीच गेली, ते आणि चार मुलं जखमी झाली. जवळच्या हॉस्पिटलात मुलांवर झालेले उपचार बघून ते हादरले आणि त्यांनी तक्रार केली, नुसती तोंडी नाही, तर सहकाऱ्यांना घेऊन नवी पद्धत उभी करून. ती डॉक्टरांना शिकवणारा पहिला अभ्यासक्रम १९७८ मध्ये झाला. आज आम्ही ज्या क्रमाने काम करतो तो एका बापाच्या तक्रारीतून आलाय. त्यामुळे तुमची तक्रार मी हलक्यात घेऊच शकत नाही.

तीन डॉक्टरांच्या तीन गोष्टींबद्दल : न्यूरोसर्जन डोक्याचं सांगतो, ऑर्थोपेडिक सर्जन पायाचं, भूलतज्ज्ञ ऑपरेशन झेपेल की नाही ते. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण घरच्यांनी ते जोडायचं कसं? ते जोडणं आमचं काम होतं. या आठवड्यापासून सगळे विभाग सकाळी एकत्र राउंड घेतात आणि नंतर नातेवाइकांशी टीम लीडर एकटाच बोलतो. रुग्ण आत गेल्यावर वीस मिनिटांच्या आत एक सिस्टर बाहेर येऊन निरोप देईल, ‘अजून तपासणी चालू आहे’ एवढाच असला तरी. आणि कुणाच्याही हातात मुकाट्याने पिशवी दिली जाणार नाही.

करंगळी. जीव वाचवण्याच्या धावपळीत बारीक फ्रॅक्चर सुटतात. म्हणूनच चोवीस तासांच्या आत डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासायचं आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर आणखी एकदा, असा नियम आहे. आमच्याकडे ती तपासणी लांबली, ही चूकच. फिजिओथेरपिस्टने मूठ वळवायला सांगितली आणि करंगळी मागे राहिली, हे तिच्या नजरेने टिपलं, तिने लगेच सर्जनला बोलावलं. तुम्हाला यात डॉक्टरांचा कमीपणा दिसला. मला तिचं काम दिसतं, आणि आमची उशिराची तपासणीही.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा तुम्हीही आत या. तिन्ही डॉक्टर आणि ती फिजिओथेरपिस्ट एकाच खोलीत असतील, हवे ते प्रश्न विचारा, घाई नाही. करंगळीची पट्टी निघाली की मूठ वळवण्याचे व्यायाम मात्र त्याला चुकवू देऊ नका. बोटं फार लवकर आखडतात.