डबल स्टँड गाडीबरोबरच आला पाहिजे

आज सकाळी भाच्याची नवी गाडी आणायला शोरूममध्ये गेलो होतो सगळे. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि गाडी बाहेर काढताना बघते तर खाली डबल स्टँडच नाही, म्हणजे मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणारा दोन पायांचा स्टँड. नुसता साईड स्टँड, एका पायाचा, गाडी डावीकडे कलती ठेवणारा. तिथल्या मुलाला विचारलं, तर म्हणतो, "मॅडम, या मॉडेलला येत नाही, वेगळा घ्यावा लागेल. आणि आता डबल स्टँड लावतंय कोण?" भाचासुद्धा हसला. घरी आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

कोण लावतंय? हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळेला ये म्हणावं, दाखवते. मागे मासळीचे क्रेट बांधलेल्या गाड्या उभ्या असतात, त्यातली एक तरी साईड स्टँडवर दिसते का बघ. सकाळी पाव घेऊन वाडीवाडीत फिरणारा लावतो. दूधवाला लावतो. सिलिंडर आडवा बांधून घरी आणणारा लावतो. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या एसटीच्या पार्सलला पोचवणारा प्रत्येक जण लावतो. ही माणसं गाडी मिरवायला घेत नाहीत, पोट भरायला घेतात. आणि त्यांना सांगायचं की गाडी उभी करायचं साधन वेगळे पैसे भरून घ्या.

शहरात सपाट सिमेंटच्या पार्किंगमध्ये चालत असेल. आमच्याकडे सपाट आहे काय? साईड स्टँडच्या टोकाला जी पट्टी असते ती जेमतेम दोन-तीन बोटं रुंद. गाडी कलली की तेवढ्याशा पट्टीवर केवढा भार येतो! मे महिन्यात जांभ्याची जमीन दगडासारखी असते, खरं आहे. पण जूनचे पहिले आठ दिवस जाऊ देत, त्याच जमिनीत तो स्टँड असा आत जातो की गाडी डोळ्यांदेखत कलत जाते. शेणाने सारवलेल्या अंगणात खड्डा पडतो तो वेगळाच, आणि आईची बोलणी वेगळी. मग आपण काय करतो? नारळाच्या सोडणाचा तुकडा, चपटा दगड, फुटकी फरशी, जे हाताला लागेल ते खाली सरकवतो. आमच्या पडवीत अशा दोन फरश्या कायमच्या ठेवलेल्या असतात. पावसाळ्यातच असं होतं असंही नाही, भर उन्हात मऊ झालेल्या डांबरात पण हा स्टँड रुततो.

आता माझ्या आबांची गोष्ट सांगते, कारण हा विषय निघाला की मला दुसरं काही आठवतच नाही.

आबा हर्णैहून मासळी घेऊन दापोलीच्या आतल्या गावांत फिरायचे. बजाजची एम-८०, मागे दोन क्रेट, वर बर्फ, त्यावर गोणपाट. पुढे भोंगा. एम-८०चा डबल स्टँड त्यांनी दापोलीतल्या एका वेल्डरकडून मुद्दाम करून घेतला होता. दोन्ही पायांना खालून रुंद पट्ट्या, पट्टीचं पुढचं टोक थोडं वर वळवलेलं. ते टोक वळवणं महत्त्वाचं. स्टँडचा पाय मुळातच खालून गोलसर असतो, त्या गोलाईवरूनच गाडी लोळत वर चढते. सपाट पट्टी ठोकून दिलीत तर गाडी स्टँडला चढतच नाही, कंबर मोडते. तो वेल्डर शिकलेला नव्हता, पण पट्टी लावायच्या आधी त्याने आबांना चार वेळा गाडी चढवून-उतरवून दाखवायला लावली होती. मी तिथे बाजूला उभी होते, चांगलं आठवतंय.

तर नारळी पौर्णिमा झाली होती. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून बोटी पुन्हा लागायला लागल्या होत्या, म्हणजे धंद्याचे दिवस. नेमकी तेव्हा एम-८० गॅरेजला. आबांनी एका नातेवाइकाची मोटरसायकल मागून घेतली. त्या गाडीला कंपनीचा डबल स्टँड होता, पण पठ्ठ्याने काढून माळ्यावर टाकलेला. कशाला? तर गाडी हलकी होते आणि मागून बरी दिसते.

बंदराच्या कडेला ओली जमीन, साईड स्टँडखाली दगड, गाडी उभी. आबांनी दोन्ही क्रेट चढवले. डाव्या बाजूने ट्यूबचं रबर टाकलं, उजव्या बाजूला येऊन ओढलं, आणि गाडी आबांच्या अंगावर आली. घोटा खाली, वर गाडी, गाडीवर भरलेले क्रेट. सायलेन्सर तापलेला होता, पोटरीची सालपटं निघाली. घोट्याचं हाड मोडलं. प्लॅस्टर निघेपर्यंत दिवाळी आली. ज्या दिवसांत वर्षाचा पैसा उभा करायचा ते दिवस आबा ओटीवर पाय वर करून बसून होते.

तेव्हा सगळे म्हणाले, दगड घसरला. दगड कुठेही घसरला नव्हता, होता तिथेच होता. आणि लोकांना वाटतं की साईड स्टँडवरची गाडी पडली तर डाव्या बाजूलाच पडणार. हे डोक्यातून काढा. मागे वजन चढवलं की शॉकअप दबतात, गाडीची मागची बाजू खाली बसते. स्टँडची लांबी मात्र आहे तेवढीच. म्हणजे गाडीच्या मानाने स्टँड लांब झाला. मग गाडी कललेली राहत नाही, सरळ होत जाते. सरळ झालेल्या गाडीला उजवीकडे पडायला एक ओढ पुरते. आबांनी ती ओढ रबराला दिली होती. मागे सामान बांधणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं. रिकामी गाडी साईड स्टँडला लावा, लांबून बघा. मग मागे तांदळाचं पोतं ठेवा आणि परत बघा. नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो.

हो, डबल स्टँडने तीन-चार किलो वजन वाढतं, आणि काही गाड्यांचा स्टँड उंच गतिरोधकावर घासतो. मान्य. उतारावर साईड स्टँडच बरा, तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये, तेही मान्य. तोंड उताराकडे करून लावलीत तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. म्हणून तर दोन्ही स्टँड पाहिजेत. मी साईड स्टँड काढून टाका म्हणतच नाहीये.

पण डबल स्टँड नसेल तर घरच्या घरी काय काय अडतं ते कुणी शोरूममध्ये सांगत नाही. चेनला तेल द्यायचं तर मागचं चाक अधांतरी पाहिजे, हाताने फिरवत फिरवत द्यायचं असतं. आमच्या खाऱ्या हवेत चेन आठवड्यात तांबडी होते, घाटावरच्या लोकांसारखं महिन्या-महिन्याने देऊन चालत नाही. इंजिन ऑइल बघायचं तर गाडी सरळ पाहिजे. कललेल्या गाडीत ऑइलची पातळी दाखवणारी काच काहीही दाखवते. आणि मागचं चाक पंक्चर झालं, ट्यूबवाली गाडी असली, आणि तुम्ही आसूदच्या रस्त्यावर रात्री अडकलात, तर चाक काढणार कसं? जांभ्याचा चिरा शोधत हिंडणार अंधारात?

हे सगळं लिहिताना राग थोडा उतरलाय. तर कामाचं लिहिते, कारण बऱ्याच जणांच्या गाड्या आता आहेत तशाच आहेत आणि त्या चालवायच्याच आहेत.

साईड स्टँडला खालून मोठी पट्टी लावून घ्या, एवढं तरी कराच. साधारण तळहाताएवढी. पण गाडीला लावलेल्या अवस्थेत वेल्डिंग करू देऊ नका. स्प्रिंग आणि बोल्ट काढला की स्टँड हातात येतो, तो घेऊन वेल्डरकडे जा. आजकालच्या गाड्यांत सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असतो, वेल्डिंगचा करंट गाडीतून गेला तर पट्टीच्या नादात हजारांत खर्च. पट्टी जेवढी जाड तेवढा स्टँड लांब होतो, हे तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पाच मिलिमीटरची पट्टी लावली तर गाडी तेवढी सरळ उभी राहणार, आणि मागे वजन ठेवणाऱ्याला तेच नको आहे. म्हणून जुना पाय आधी ग्रायंडरने तेवढाच घासून घ्यायचा, मग पट्टी. लावून झाली की स्टँड मिटवून बघा, पट्टी चेनला, चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना), गिअरच्या लिव्हरला कुठे लागत नाही ना. बाहेरच्या अंगाला फार पुढे आलेली नको, डाव्या वळणावर गाडी झुकली की तीच रस्त्याला घासेल. आणि वेल्डिंगच्या जागी लगेच रेड ऑक्साइड मारा. उद्या मारू म्हणालात तर उद्या गंज दिसेल.

ऑनलाइन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मिळतात, स्क्रूने आवळायच्या. दिसतात छान. आमच्या हवेत ते स्क्रू एका पावसाळ्यात जाम होतात, नाहीतर गळून पडतात. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, मी घेणार नाही.

शॉकअप बदलून गाडी उंच करणाऱ्या पोरांनी मात्र नीट ऐका. गाडी उंच झाली की तोच साईड स्टँड तोकडा पडतो, गाडी जास्त कलते, सगळा भार पिव्होटच्या, म्हणजे स्टँड ज्यावर फिरतो त्या, बोल्टवर येतो. बोल्ट आणि बुश आधीच झिजलेला असला तर आणखी कलते. स्टँड वाढवायचा तर मधे तुकडा जोडणारा माणूस चांगला बघा. सेंटीमीटरभराचा फरकसुद्धा खूप असतो.

आणि दुसऱ्या मॉडेलचा डबल स्टँड आणून चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड करायचा उद्योग कुणीही करू नये. चेसिसला मुळात भोकं आणि बैठक असेल तरच कंपनीचा स्टँड बसवा. गरम केलेली चेसिस पुढे कुठे चीर देईल सांगता येत नाही. आबांच्या वेल्डरने सुद्धा स्टँडला पट्टी लावली, चेसिसला हात लावला नाही.

साईड स्टँडचा कट-ऑफ सेन्सर, म्हणजे स्टँड खाली राहिला तर इंजिन बंद करणारा, तो बायपास करून देणाऱ्या मेकॅनिकांबद्दल काय बोलू. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवा पडतो, गाडी मधेच बंद पडते, गिऱ्हाईक वैतागतं, आणि हे दोन वायरी जोडून मोकळे. कनेक्टर उघडून साफ करायला किती वेळ लागतो? स्टँड खाली राहिलेली गाडी डाव्या वळणावर झुकली की स्टँड रस्त्यात रुतून माणसाला उचलून टाकतो. तो सेन्सर कुणाच्या तरी पोराचा जीव वाचवायला बसवलाय. माझ्या गाडीच्या वायरी कुणी अशा जोडल्या तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन.

आता ते राहिलंच. शोरूममधला तो मुलगा अजून एक वाक्य बोलला. "लेडीजना तर डबल स्टँड झेपतच नाही." मला आबांनी एम-८०वर शिकवलं तेव्हा मी दहावीत होते, आणि अंगात काही जोर नव्हता. आबा म्हणाले, "जोर नको लावू गो बाय, वजन टाक." बस. डावा हात हँडलला, उजवा हात मागच्या ग्रिपला. उजव्या पायाने स्टँडचा दांडा दाबून दोन्ही पाय जमिनीला टेकले की नाही ते आधी बघायचं, गाडी त्यासाठी अगदी सरळ हवी. मग हाताने ओढायचं नाही, त्या दांड्यावर आपलं सगळं वजन देऊन उभं राहायचं. हात फक्त दिशा देतात. गाडी आपली आपण मागे येऊन चढते. ज्यांची कंबर दुखते ते हाताने ओढतात म्हणून दुखते. घोटा मोडल्यानंतर आबांना उजवा पाय नीट टाकता यायचा नाही, तरी ते भरलेली एम-८० चढवायचे. शेवटपर्यंत. त्या पायाने.

त्या नातेवाइकाला आबा कधी एक शब्द बोलले नाहीत. मी असते तर बोलले असते. त्याचा स्टँड अजूनही माळ्यावर असेल.

गणपतीला, दसऱ्याला गाडी घेणारे बरेच जण असतील तुमच्यात. पैसे भरायच्या आधी गाडीखाली वाका. डबल स्टँड नसेल तर चेसिसला त्याची बैठक आहे का बघा, कंपनीचा स्टँड मिळतो का विचारा, आणि डिलिव्हरीच्या आधी बसवून द्यायला सांगा. नंतर बसवून देतो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. बैठकच नसेल आणि तुम्ही मागे सामान बांधणार असाल, तर ते मॉडेल सोडा.