एचचे उपद्व्याप

इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज मात्र ४४च्या आसपास. म्हणजे मुळातच तुटीचा कारभार. ही तूट भरून काढायला कुणीतरी दोन-दोन अक्षरांच्या जोड्या लावल्या आणि दिसेल त्या जोडीत एच घुसवला. मुलीच्या फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणाऱ्या पद्धतीच्या, वहीशी रोज संध्याकाळी गाठ पडू लागल्यापासून मी या एचवर डूख धरून आहे.

सी-एचचं पान घ्या. शब्दाखाली बोट ठेवून ती वाचते, 'चेअर'. शाब्बास. 'चिन'. शाब्बास. मग 'चेमिस्ट'.

"केमिस्ट," मी म्हणालो.

बोट जागचं हललं नाही. फक्त मान वर झाली. "पण आत्ता तर च होता."

पुढच्याच ओळीत 'मशीन' होतं. तिथे तोच सी-एच 'श' झाला होता. च जुन्या वळणाचा, क ग्रीकांचा, श नंतरच्या फ्रेंचांचा. जो तो आपला उच्चार घेऊन आला आणि स्पेलिंग मात्र सगळ्यांनी एकाच खुंटीला टांगलं. डचांकडून आलेल्या 'यॉट'मध्ये तर सी आणि एच नुसतेच बसून असतात, अवाक्षर काढत नाहीत. ते या पानावर नव्हतं, हे माझं नशीब.

"मग ओळखायचं कसं?"

"पाठ करायचं," मी म्हणालो. फोनिक्सचा शोध पाठांतर टाळण्यासाठी लागला म्हणतात.

जी-एचला मात्र माझ्या लेखी माफी नाही. 'नाइट'मध्ये पूर्वी घशातून खरवडून काढलेला 'ख' होता. जर्मन अजूनही 'नाख्ट' म्हणतात. इंग्रजांनी आवाज सोडला आणि अक्षरं ठेवली. 'लाफ' आणि 'इनफ'मध्ये त्याच आवाजाचा 'फ' झाला. 'डिलाइट'मध्ये तर तो कधी नव्हताच. हा शब्द फ्रेंचांकडून साधासुधा आला होता, 'लाइट'च्या देखादेखी त्यालाही जी-एच चिकटवला. आणि 'घोस्ट'? कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्याआधी त्याची बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये गेली होती. तिकडच्या फ्लेमिश सवयीनं त्याच्या छापखान्यातून भुताला एच लागला, असं मानतात. भूत माणसाला झपाटतं. इथे भुतालाच झपाटलं.

याच जी-एचच्या आधी ओ-यू लावला की संपलंच. 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ', 'बाउ'. शेपूट सगळ्यांना तेच, ओरडतं प्रत्येक जण वेगळं. मुलीनं ही यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं.

मध्येच 'शेपर्ड' आला. पी आणि एच खेटून उभे, म्हणून तिनं मोठ्या खुशीत 'शेफर्ड' वाचलं. तर इथे म्हणे त्यांचं नातंच नाही! पी मेंढीचा, एच कळपाचा.

टी-एचची गोष्ट तेवढी हळहळण्यासारखी आहे. या आवाजाला इंग्रजीत एके काळी स्वतःचं अक्षर होतं, त्याचं नाव थॉर्न. पुढे ते वायसारखं लिहिलं जाऊ लागलं, आणि छापखान्यातल्या खिळ्यांत थॉर्न नसल्यामुळे सरळ वायच वापरू लागले. जुनेपणाचा आव आणणाऱ्या पाट्यांवर 'ये ओल्ड' दिसतं ना, ते 'ये' म्हणजे आपलं रोजचं 'द'.

पण हे सगळं चाळताना माझा एक फायदा झाला. टी, पी आणि सी यांना एच जोडायची युक्ती रोमनांची. ग्रीक शब्द लिहिताना त्यांना तीन आवाज अडले. ते होते चक्क आपले थ, फ आणि ख! तेव्हा एचला काम होतं, श्वास सोडायचं. नंतर ग्रीकांचे उच्चार बदलले, एच तसाच राहिला. तेव्हा माझ्या 'थिएटर'मधल्या थला आणि ओठ मिटून म्हटलेल्या 'फिलॉसफी'ला आजवर जे जे हसले, त्यांनी नोंद घ्यावी. मी चुकत नव्हतो, प्लेटोच्या काळातलं बोलत होतो. ऑफिसात हे एकदा ऐकवलं. तेव्हापासून लोक हसत नाहीत, विषय बदलतात.

त्याच भरात मी मुलीलाही सुनावलं, "देवनागरीत असली भानगड नाही. एक अक्षर, एक आवाज."

तिनं वहीच्या मागच्या पानावर 'चार' लिहिलं, त्याखाली 'चाक' लिहिलं आणि दोन्ही मोठ्यानं वाचले. मी काही बोलायच्या आत तिसरा शब्द उमटला, 'जग'.

"बाबा, हे वाचा. पाण्याचा का सगळ्यांचं?"