"थोडी" म्हणजे किती?

काकांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री मात्र ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. मुंग्या नव्हत्याच. अंग घामाने निथळत होतं, हात लटलटत होते, आणि कोपऱ्यात बघून ते वारलेल्या आजीशी बोलत होते. आत्याने मीठ-मोहऱ्या उतरवायचं काढलं. (हॉस्पिटलात! सिस्टरने हाकललं.)

एका तरुण डॉक्टरने विचारलं, "पितात का?"
काकू म्हणाल्या, "घेतात थोडी."
"थोडी म्हणजे?"

रोज दोन क्वार्टर, वीस वर्षं. भरती करताना फॉर्मवर आम्ही 'नाही' लिहिलं होतं. लाज, दुसरं काय!

एका क्वार्टरमध्ये 180 मिली दारू. 42.8 टक्क्यांची असेल तर त्यात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. काकांच्या मेंदूवर रोज त्याच्या दुप्पट मारा होता. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू उलट्या बाजूने जोर लावून स्वतःला जागं ठेवतो. रस्सीखेचच ती. दारू अचानक थांबली की एका बाजूने दोर सुटतो आणि मेंदू धाडकन पडतो. काही तासांत थरथर, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत हे असं भ्रम होणं. उपचार नाही झाले तर माणूस यात जातो. काकांना झोपेची औषधं दिली, आणि ग्लुकोजच्या आधी बी-1 चं इंजेक्शन. रोज पिणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी असतं, आणि तसंच नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता माझं मत. आपल्याकडे दारू सोडवायची म्हणजे गळ्यात माळ घालायची, नाहीतर पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. माळेला मी नावं ठेवत नाही, माळेवर वर्षानुवर्षं टिकलेली माणसं आमच्या गावात आहेत. पण रोज सकाळी हात थरथरणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" म्हणून घरात कोंडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. आधी डॉक्टर, मग माळ. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. आणि पहिल्या चार दिवसांची थरथर बघून "नाटकं करतो" म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं.

काकांना त्या रात्रीचं काहीच आठवत नाही. "मला बांधलं होतं म्हणे तुम्ही," म्हणून अजून रुसतात.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सिस्टर फॉर्म भरत होत्या, व्यसनाच्या रकान्याशी आल्या. काका माझ्याकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "लिहा. रोज दोन क्वार्टर घ्यायचे. चार वर्षं झाली, बंद आहे."