तो लाल डाग हार्पचा नव्हे
‘नासाच्या लाइव्ह नकाशावर भारत लाल झालाय. अमेरिका अलास्कातल्या हार्पमधून आपलं आकाश तापवतेय, ढगफुटी होणार. आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं येणार, मोबाईल बंद ठेवा.’ हार्प म्हणजे वरच्या वातावरणात रेडिओ लहरी सोडून अभ्यास करणारं संशोधन केंद्र. स्क्रीनशॉटसकट हा मेसेज फिरतोय आणि आमच्या मामींनी इमानेइतबारे फोन बंद केला. मामा हृदयाचे पेशंट, घरात दोघंच, लँडलाइन केव्हाच काढलेली.

आधी तो लाल डाग. स्क्रीनशॉटमधली रंगपट्टी कुणीतरी कापलीय. ती असती तर कळलं असतं की नकाशा तापमानाचा नाहीच, आयनोस्फिअरमधल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या इलेक्ट्रॉनांचा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जातं. केरळातल्या थुंबाला रॉकेट केंद्र काढलं ते त्यासाठीच. तिथला विद्युतभारित वायू दिवसा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून दोन्हीकडे घसरून साचतो. उत्तरेकडचा साठा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यात येतो, तोच हा लाल डाग. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅपल्टनने इलेक्ट्रॉनांचे हे दोन उंचवटे 1946 साली ‘नेचर’मध्ये मांडले. हार्पचं बांधकाम सुरू झालं 1993 मध्ये. आता बोला!

आणि ‘लाइव्ह’ म्हणजे वरून काढलेला फोटो नव्हे. उपग्रहाचा जीपीएस सिग्नल जमिनीवर पोचताना किती रेंगाळला, त्यावरून वाटेतले इलेक्ट्रॉन मोजतात. ते आकडे थोड्या उशिराने मॉडेलमध्ये जातात. जिथे रिसीव्हरच नाही, उदाहरणार्थ भर समुद्रात, तिथली जागा मॉडेल अंदाजाने भरतं. आपली ‘गगन’ यंत्रणा देशातल्या 15 केंद्रांवरून असंच मोजून विमानांना जीपीएसची दुरुस्ती पाठवते. लाल म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून दुरुस्ती जास्त, बस्स.

हार्प आयनोस्फिअर तापवतं, हे मात्र खरं. त्याचं कामच ते. पण अलास्कावरच्या छोट्या तुकड्यात, आणि तेही ढगांच्या कितीतरी वर. पावसाचे ढग फार तर 18 किलोमीटरपर्यंत. तिथे हार्पच्या लहरी शोषल्याच जात नाहीत. ढगफुटीचा विषय संपला.

सौर वादळाने नुकसान होतं, हेही मान्य. फेब्रुवारी 2022 मध्ये वरचं वातावरण फुगलं आणि उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या नव्या 49 उपग्रहांपैकी 40 पर्यंत गमावले. पण ते सुमारे 210 किलोमीटरवर फिरत होते, मामींच्या उशाशी नव्हते.

कॉस्मिक किरणं, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, तर चोवीस तास येतात. फोन चालू की बंद, त्यांना काय त्याचं! आणि रात्री साडेबारा ते साडेतीन? त्या वेळी हाच नकाशा उघडून बघा, भारतावरचा लाल रंग बहुतेक वेळा उतरलेला असतो.